चंपी टू शांपू, व्हाया ब्रायटन

तर झालं असं, की जानेवारीत आमच्या बाथरूमची जाळी तुंबायला लागली. पहिल्या दिवशी मी रूममेटवर संशय घेतला. पण तिचा बॉबकट आणि जाळीतले केस चांगले हातभर. म्हणजे गुन्हेगार मीच.

मग माझ्यासारखी कुठलीही आयटीवाली जे करेल तेच मी केलं. शांपू बदलला. दीड महिन्यात चार बाटल्या झाल्या: एक कांद्याची, एक कॅफीनची, एक 'सल्फेट-फ्री' आणि एक इतकी महाग की किंमत आईला सांगितलेली नाही. फरक शून्य. एका शनिवारी रात्री चौथ्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचताना सहज डोक्यात आलं, हा 'शांपू' शब्द मुळात कुठला? शोधायला बसले ते थेट पहाटे तीनला उठले.

शब्द आपलाच निघाला की हो! हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, चेपणं. आपण पाय चेपतो तसं. त्यातूनच चंपी, आणि त्यातूनच इंग्रजांचा शांपू. अठराव्या शतकात इंग्रजीत गेला तेव्हा त्याचा अर्थ होता अंग रगडून घेणं. केस धुण्याचा काहीएक संबंध नव्हता.

हा शब्द विलायतेत घरोघरी पोचवला तो शेख दीन महोमेद या गृहस्थाने. माणूस भन्नाट आहे. जन्म १७५९, पाटणा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, ते लवकर गेले. हा अकराएक वर्षांचा पोरगा गॉडफ्रे बेकर नावाच्या अधिकाऱ्यामागे फौजेत शिरला आणि १७८४ मध्ये त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्कला पोचला. तिथे जेन डेली नावाच्या आयरिश मुलीबरोबर पळून जाऊन लग्न केलं. १७९४ मध्ये स्वतःच्या प्रवासांवर पुस्तक काढलं. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक समजलं जातं. १८१० मध्ये लंडनला 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं: भारतीय जेवण, हुक्का, सगळा थाट. दोनच वर्षांत दिवाळं! (आपण स्टार्टअपवाल्यांचं उगाच कौतुक करतो.)

वय पन्नाशीच्या पुढे, खिसा रिकामा. हा पठ्ठ्या १८१४ मध्ये ब्रायटनला गेला आणि समुद्रकाठी हमामखाना काढला. गिऱ्हाइकाला आधी वनस्पती घातलेल्या वाफेत बसवायचं. भोवती फ्लॅनेलचा तंबू, त्याला बाह्या. त्या बाह्यांतून हात घालून चंपीवाला आतल्या माणसाचं अंग रगडणार. याला तो म्हणायचा 'शांपूइंग'. संधिवाताने आखडलेले उमराव रांगा लावायला लागले. १८२२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत 'शांपूइंग सर्जन' होता. १८५१ मध्ये ब्रायटनलाच वारला.

त्याच्या 'शांपू'त बाटली नव्हती, फेस नव्हता. होते ते फक्त दुसऱ्या माणसाचे हात. पुढे न्हाव्यांच्या दुकानांत डोकं चोळणं आणि धुणं एकत्र व्हायला लागलं आणि १८६० च्या सुमारास शब्द चोळण्याकडून धुण्याकडे सरकला. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोफने पाण्यात कालवायची शांपू पावडर विकायला काढली, पाकीट वीस फेनिगला. १९३० च्या दशकात अमेरिकेत साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंट वापरलेला शांपू आला, कारण जड पाण्यात साबणाचा पांढरा साका केसांत बसायचा. (बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) इथे शब्दाचं रूपांतर पूर्ण झालं: क्रियापदाची वस्तू झाली.

गंमत म्हणजे तेव्हा रोज केस धुवा असं कोणी म्हणत नव्हतं. १९०८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केस कसे धुवावेत यावर लेख छापला. केस बऱ्यापैकी निरोगी असतील तर महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे, असा त्यात सल्ला होता.

आपल्याकडे यासाठी वेगळा शब्दच आहे. अंघोळ रोजची, न्हाणं आठवड्याचं. आजीच्या घरी न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल, सकाळी बंबातलं कढत पाणी आणि शिकेकाई. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याचा बेताचा फेस येतो आणि मळ निघतो. शांपू ही पैसेवाल्यांची चैन होती. ती मोडली तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांच्या पुडीच्या कल्पनेने. त्यांच्या मुलाने, सी. के. रंगनाथन यांनी, १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांवर 'चिक' सुरू केला. कुठल्याही शांपूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक चिक फुकट घेऊन जा! पुढे पुडी पन्नास पैशांपर्यंत उतरली. किराणा दुकानात लोंबणाऱ्या त्या माळा मला लहानपणापासून आठवतात. शिकेकाई कुटणं संपलं आणि आठवड्याचं न्हाणं हळूहळू रोजच्या अंघोळीत विरघळलं.

इथे मी 'आजीचंच खरं होतं' म्हणून टाळ्या घेऊ शकते. पण ते खरं नाही. डोक्यावर दिसतो तो केस मेलेला असतो, जिवंत कारखाना त्वचेखाली. २००३ मध्ये मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसात मुरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाया जातं. (कंपनी खोबरेलच विकते, हेही लक्षात ठेवा.) म्हणजे तेल असलेला केस सांभाळतं, नवा उगवत नाही. शांपूही नाही, शिकेकाईही नाही.

हे मला कळायला त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. चारही बाटल्यांचे फोटो दाखवले. त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" मी गप्प. ऑक्टोबरमध्ये मावसभावाच्या लग्नासाठी मी सात किलो वजन उतरवलं होतं. दुपारी सॅलड, रात्री ब्लॅक कॉफी. शरीर उपाशी पडलं की वाढणारे केस एकदम थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तीन महिन्यांची लॅग! म्हणूनच बग सापडत नव्हता, मी भलतंच मॉड्यूल पॅच करत बसले होते. रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला.

उपाय अगदी कंटाळवाणे होते: लोहाच्या गोळ्या, अंडी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजीवर लिंबू आणि जेवणाबरोबर चहा बंद. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा धीर धरा, म्हणाले. आईने हळिवाचे लाडू पाठवले. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, आमच्यावेळी बायका सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. भाजी संपलेलीच असायची. माझे केस काय कमी गळले?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या. त्यांना उपाशी ठेवणारी परिस्थिती असते. मी पगार घेऊन हौसेने उपाशी राहिले.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा आजीने पाटावर बसवून तेल रगडलं. चंपी चालू असताना तिला दीन महोमेदची सगळी गोष्ट सांगितली, राजांसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजाचं अंग रगडलं ते ठीक. त्याच्या बायकोच्या डोक्याला तेल कोण लावायचं?"

हे मात्र कुठेच सापडलेलं नाही. केस अजून थोडे गळतात. जाळी आता पंधरा दिवसांनी साफ करते.