रिकाम्या जहाजातलं पाणी

करमाडच्या बांधावर गाजरगवत कुणी पेरलं नव्हतं. परदेशी गव्हासोबत आलं म्हणतात, अन् गेलं नाही ते नाहीच. समुद्रातही असंच घडलंय.

शेंद्र्याचा माल न्हावाशेवा बंदरातून परदेशात जातो. रिकामं जहाज लाटांवर डगमगतं, म्हणून ते टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि पुढच्या बंदरात माल चढवताना सोडून देतं. त्या पाण्यातून शिंपल्यांची पिल्लं, शेवाळ, जंतू फुकटात फिरतात.

अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांसोबतच आला. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणमला नोंदला गेला, पुढे मुंबई बंदरातही पसरला. १९९९ मध्ये तोच ऑस्ट्रेलियात डार्विनला सापडला. तिथल्या सरकारनं बोटींच्या गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन अन् मोरचूद ओतलं. शिंपला संपला, पण त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जगातली सहा बंदरं प्रयोगासाठी निवडली. त्यात मुंबई होती. २००४ मध्ये करार झाला, लागू व्हायला मात्र ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. आता जहाजावरच पाणी आधी गाळायचं, मग अतिनील किरणांनी किंवा खाऱ्या पाण्यात वीज सोडून तयार होणाऱ्या क्लोरीननं त्यातले जीव मारायचे.

खर्च वाढला, अशी ओरड आहेच. पण घुसलेलं उपटायला किती लागतं, हे गाजरगवत उपटणाऱ्या आपल्या बायांना विचारा.