आगंतुक आणि आवासिक : शरणार्थींची विधिसेवा व विनयाची दृष्टी

‘शरणार्थी’ आणि ‘निर्वासित’ हे दोन शब्द मराठीत आपण एकाच अर्थाने वापरतो. पालीच्या अभ्यासकाला मात्र त्यांतील भेद जाणवल्यावाचून राहत नाही. ‘सरण’ म्हणजे आश्रय, रक्षण. मराठीतील ‘शरण जाणे’ या प्रयोगाला हार पत्करण्याची जी छटा चिकटली आहे, ती तिसरणात नाही. ‘निर्वासित’ हा शब्द ‘वस्’ धातूपासून आला. ज्याचा वास हिरावला गेला तो निर्वासित. विनयपिटकातील ‘आवासिक’ हा शब्दही याच धातूपासून सिद्ध होतो. ज्याचा वास स्थिर आहे तो आवासिक. या दोघांमधील कर्तव्यसंबंध कोणता आणि विदर्भातील बौद्धांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात आगंतुक भिक्खूची आणि आवासिक भिक्खूची कर्तव्ये क्रमाने सांगितली आहेत. ज्येष्ठ आगंतुक आल्यास आवासिकाने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, पात्र-चीवर हाती घ्यावे. त्यानंतर त्याला माहिती द्यावी : निवासाची जागा कोणती, भिक्षेस कोठे जावे, कोठे जाऊ नये, पाणी कोठे आहे आणि संघाने आपसांत कोणते नियम ठरविले आहेत. या ठरावांना ‘कतिकसण्ठान’ अशी संज्ञा आहे. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. आगंतुक कनिष्ठ असल्यास आवासिकाने उठून त्याची सेवा करण्याचे कारण नाही. परंतु माहिती त्यालाही तितकीच द्यावयाची आहे. सेवा ज्येष्ठतेवर अवलंबून आहे, माहिती नाही. नवख्या माणसाला तेथील नियम ठाऊक नसतात, आणि न कळलेल्या नियमाचा भंग त्याच्या हातून सहज घडतो, हे विनयकारांनी ओळखले होते. हा भिक्खूंचा नियम होय, राज्याचा कायदा नव्हे. त्यात आधुनिक शरणार्थी-कायदा शोधणे अनैतिहासिक ठरेल. परंतु त्यामागील दृष्टी उपासकांनाही लागू पडते, असे आम्हांस वाटते.

आता कायद्याकडे वळू. १९५१ च्या शरणार्थीविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. शरणार्थींसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा २०२५ मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यातही ‘शरणार्थी’ अशी व्याख्या नाही. म्हणून शरणार्थीचा मुख्य आधार संविधान हाच उरतो. अनुच्छेद १५, १६ व १९ मधील हक्क नागरिकांचे आहेत. अनुच्छेद १४ व २१ मात्र ‘व्यक्ती’विषयी बोलतात. कायद्यापुढील समानता आणि जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण हे नागरिकत्वाच्या दाखल्यावर अवलंबून नाही.

मसुदा समितीच्या अध्यक्षांना विस्थापनाचा प्रश्न दुरून ठाऊक नव्हता. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. फाळणीने ते सदस्यत्व संपले आणि जुलै १९४७ मध्ये त्यांना मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून यावे लागले. पाकिस्तानात अडवून ठेवलेल्या आणि पूर्व पंजाबात येऊनही मदतीपासून वंचित राहिलेल्या अस्पृश्यांविषयी त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानचे कायदामंत्री झालेले मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. ज्यांच्या साहाय्याने बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले, तेच अखेर निर्वासित झाले.

‘व्यक्ती’ या शब्दाचे बळ चकमा बांधवांच्या प्रकरणात दिसून आले. पूर्व पाकिस्तानातील कर्णफुली नदीवरील कप्ताई धरणाने चितगाव डोंगराळ प्रदेशातील सुपीक शेतजमीन बुडविली आणि सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांतील अनेक बौद्ध चकमा कुटुंबांना १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविण्यात आले. तीस वर्षांनंतर त्यांना ‘निघून जा’ अशा धमक्या येऊ लागल्या. चकमांच्या नागरिकत्व हक्क समितीने व नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली आणि आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला : प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण राज्याने करावे, कायदेशीर मार्गावाचून कोणालाही घरातून काढू नये, आणि नागरिकत्वाचे अर्ज जिल्हा अधिकाऱ्याने अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवावेत. यातील शेवटचा आदेश वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु कागद पुढेच सरकला नाही, तर हक्क असूनही नसल्यासारखा होतो. जिल्ह्यातून धोक्याची बातमी दिल्लीपर्यंत पोहोचविणारी माणसे नसती, तर हा निर्णयही झाला नसता.

असा कागद आपल्या जवळही आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ मध्ये, तो भाग भंडारा जिल्ह्यात असताना, वसली. तेथील लोकांची ओळख नोंदणी प्रमाणपत्रावर चालते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या याचिकेवर निर्णय दिला की, २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील तिबेटी असले तरी, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. म्हणजे गोठणगावात १९७२ नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यांनाही हा नियम लागू पडतो. प्रश्न उरतो तो पुराव्याचा : जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, नावाच्या लेखनातील फरकाबद्दलचे प्रतिज्ञापत्र. नागरिकत्वाचा दावा करावा की स्वदेशी परतण्याची आशा जपत शरणार्थीच राहावे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याने घ्यावयाचा आहे. स्वयंसेवकाने तो घेऊ नये. त्याने कतिकसण्ठान सांगावे.

या सेवेसाठी चौकट उपलब्ध आहे. अनुच्छेद ३९-क मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व ‘नागरिक’ या शब्दासह आले आहे. परंतु त्याच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ ‘प्रत्येक व्यक्ती’ असे म्हणते. स्त्रिया, मुले, अटकेतील व्यक्ती, वांशिक हिंसेचे बळी यांना त्यात मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. २००९ पासून वकील नसलेल्यांनाही विधी स्वयंसेवक म्हणून जिल्हा प्राधिकरणात काम करता येते. नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, विधी महाविद्यालये आहेत आणि आपल्या समाजात आज वकिलांची एक पिढी उभी आहे.

दाखल्याची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवावी लागत नाही. १९५६ मध्ये याच नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत, चौतीस वर्षे, वाट पाहावी लागली. माणसे तीच होती, दारिद्र्य तेच होते. कागदावरील एक शब्द बदलला होता.

येथे एक कठीण प्रश्न टाळता येणार नाही. चकमा आणि तिबेटी बौद्ध आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१७ मध्ये लाखो रोहिंग्या ज्या म्यानमारमधून परागंदा झाले, तो देश बौद्धबहुल आहे. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अनुच्छेद १४ व २१ सर्व व्यक्तींना लागू असल्याचे मान्य केले; मात्र हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या निवासाच्या हक्काशी जोडलेला असल्याचे सांगून दिलासा नाकारला. विधिसेवेची कसोटी अशाच ठिकाणी लागते. दार उघडण्यापूर्वी आगंतुकाचा धर्म विचारला, तर ती सेवा स्वकीयांपुरती राहील. तिला मैत्री म्हणता येणार नाही. विनयातील ‘सम्मुखाविनय’ सांगतो की, ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा तो समोर असला पाहिजे. ज्याला न्यायालयाची भाषा येत नाही, तो तेथे उभा असूनही अनुपस्थितच असतो. त्याला खऱ्या अर्थाने समोर आणणे, हेच विधी स्वयंसेवकाचे काम होय.

आमच्या मते प्रत्येक मोठ्या विहाराने वर्षावासात आठवड्यातून एक सायंकाळ एक वकील आणि दोन स्वयंसेवक यांना बसण्यास जागा द्यावी. आसन, पाणी आणि माहिती, या तीन गोष्टींपासून आरंभ करता येईल.