बातमीदार घडवावा लागतो



अल्पसंख्य समाजांविषयी वर्तमानपत्रांत काय छापून येते, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते लिहिणारा बातमीदार कसा तयार होतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळेत फार शिकलो नाही. वर्तमानपत्र कसे वाचावे, हे मला संपांनी शिकवले. फाटकाबाहेर शेकडो माणसे बसलेली असत, आणि दुसऱ्या दिवशी एका पत्रात जी बातमी येई ती मालकाच्या कचेरीतून नि पोलीस चौकीतून मिळालेली असे. फाटकाशी कोणी आलेलेच नसे. त्या तरुण बातमीदाराचा हेतू वाईट असेच असे नाही. विचारायचे कोणाला, हे त्याला कोणी शिकवलेले नसे. अल्पसंख्यांच्या वस्तीबाबतही हेच होते. संपात अशा बातमीने पगार बुडतो. वस्तीत घरे जळतात.

इतिहासच पाहा. जुलै १८९३ मध्ये काठेवाडात प्रभासपाटण येथे मोहरमच्या वेळी दंगल झाली. तिच्या वार्ता मुंबईत आल्या, सभा झाल्या, मने तापली. आणि ११ ऑगस्टला, शुक्रवारी, जुम्मा मशिदीजवळ मुंबईची दंगल पेटली. दंगलीला कारणे अनेक असतात. पण दूरच्या गावची वार्ता शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी करू शकते, हे त्या वर्षी मुंबईने पाहिले. त्याच मुंबईत एक संपादक असाही होता की ज्याने हिंदू आणि मुसलमान कामगारांना राणीच्या बागेत एकत्र बसवून सलोख्याची सभा भरवली. ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढले. १८८० पासून लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले. लोखंडे स्वतः गिरणीत भांडारपाल होते. चाळीतला माणूस त्यांना पोलीस चौकीवरून ओळखावा लागत नव्हता. त्यांची पत्रकारितेची शाळा ती गिरणी होय.

पुढचा धडा बाबासाहेब आंबेडकरांचा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर या तरुणाचे लागले, आणि पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी ते काम पाहिले. लिहिण्याची परंपराच ज्या समाजाला नाकारली गेली होती, त्यातील तरुणांच्या हाती पत्र देणे हेच एक शिक्षण होते. ते सोपे नव्हते. 'मूकनायक' १९२३ साली बंद पडला. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. कारण आपली हकीगत आपल्या तोंडून सांगितली जाणे अगत्याचे होते. परंतु हाताशी लिहिणारे नाहीत, म्हणून अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. १९२९ साली तेही थांबले. पैशाइतकीच उणीव तयार माणसांची होती.

यावर कोणी म्हणेल, ज्याची जात त्यानेच तिची बातमी द्यावी, एवढाच याचा अर्थ काय? मुळीच नाही. 'जनता' १९३० साली सुरू झाले. पुढे त्याच 'जनता'चे संपादक गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे दृष्टी जन्माने येते असे नव्हे. ती कमवावी लागते, आणि म्हणूनच शिकवताही येते. उलट, जन्माने आतला असला म्हणजे काम भागले असेही नाही. हमीद दलवाई मुसलमान समाजातले, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त लिहिणारे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला. मागणी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करण्याची होती. त्या सातजणींनी दाखवले की समाज म्हणजे त्याचे पुढारी नव्हेत. जो बातमीदार फक्त पुढाऱ्याला विचारून परत फिरतो, तो निम्मी वस्ती न पाहताच परततो.

उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' हे पत्र निघाले. तेथे दलित, आदिवासी व मुस्लिम समाजांतील, बेताचे शिकलेल्या स्त्रियांना बातमी गोळा करण्यापासून शिकवले गेले. तेव्हा हे होण्याजोगे आहे.

मग आपल्या खारदांड्यात ते का होऊ नये? दांडा हा कोळ्यांचा गाव. पत्रांतून तो दिसतो तो नारळी पौर्णिमेच्या छायाचित्रात, नाहीतर पोलिसांच्या बातमीत. शेजारी वांद्र्यात ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. ते येथलेच, मराठी बोलणारे. १८८७ साली त्यांनी आपली संस्था स्थापन करून हे नाव घेतले, ते बाहेरून आलेल्या ख्रिस्ती बांधवांत आपली गणना होऊ नये म्हणून. तरी त्यांना सर्रास गोवेकर म्हटले जाते. ज्याला माणसाचे नाव नीट लिहिता येत नाही, तो त्याचे म्हणणे काय लिहिणार?

वाचनालयाच्या एका खोलीत दहा मुलामुलींना बसवून चार गोष्टी शिकवता येतील. पहिली: नाव व समाज त्याच माणसाला विचारून लिहावा. दुसरी: पोलिसांनी सांगितलेले 'पोलीस म्हणतात' असेच लिहावे. तिसरी: गुन्ह्याशी संबंध नसेल तर धर्म लिहू नये. चौथी: बाईमाणसाला विचारल्याखेरीज घराची बातमी पुरी झाली असे समजू नये. आणि सणावाराला नव्हे, साध्या मंगळवारी वस्तीत जावे. पाणी, भाडे, शाळा, मासळीचा भाव यांची बातमी आणावी. रोज ज्याच्या नळाची बातमी वाचली, त्याच्याविषयीच्या अफवेवर माणूस सहजी विश्वास ठेवीत नाही.

कामगार एका दिवसात संघटित होत नाही, तसा बातमीदारही एका दिवसात घडत नाही. तोपर्यंत वाचकाने एक करावे. कोणत्याही वस्तीची बातमी वाचताना विचारावे: हिच्यात त्या वस्तीतला माणूस कोठे बोलतो? तो कोठेच बोलत नसेल, तर ती बातमी अजून अर्धी आहे असे समजावे, आणि संपादकाला तसे पत्र लिहावे.