हरिश्चंद्राचा कारखाना आणि आमची पाच जणांची टीम

परवा हार्ड डिस्क साफ करायला बसलो. गेल्या दिवाळीत ऑफिसमधली आमची फोटोवाली गँग माझ्या गावी, कारंजा (घाडगे)ला आली होती, त्याचे फोटो. पाच जण, तीन ट्रायपॉड, चार दिवस आणि दोन हजारांवर फोटो! त्यातला एक प्रसंग आठवून अजून हसू येतं. हायवेपासून आत, संत्र्याच्या बागेजवळ आम्ही ट्रायपॉड लावले, तर पाच मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. "काऊन भाऊ, रस्त्याची मोजणी करून राह्यले का?" वावर जाणार की काय ही त्यांची खरी धास्ती. कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवली, त्यांचेच फोटो काढले, तेव्हा कुठे चहा मिळाला.

असो. पण हे आमच्या आधी दादासाहेब फाळक्यांच्या टीमच्या बाबतीत झालं होतं. 'राजा हरिश्चंद्र'चं बाहेरचं चित्रीकरण बदलापूरच्या पुढे वांगणीला होतं. टीम पुढे गेली, फाळके मागून येणार होते. तलवारी-भाले घेतलेली ही माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! सगळी टीम पकडली गेली. शेवटी फाळक्यांनी फिल्म न घालताच कॅमेरा चालवून एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली, असं सांगतात.

फाळके मुळात आमच्याच जातकुळीतले, म्हणजे फोटोवाले. जे. जे.मध्ये शिकलेले, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केलेले. तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे सिनेमाचं वेड लागल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची थोडी थोडी फ्रेम रोज टिपून, रोप वाढताना दाखवणारी फिल्म केली. आजच्या भाषेत टाईमलॅप्स. ती बघून पैसे लावणारा माणूस मिळाला! (आमच्याकडे पीओसी दाखवून बजेट मागतात ते याहून वेगळं काय आहे?) 1912 साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकवून तयार केलं.

मग दादरच्या घरातच सगळा कारखाना. कारखाना हा शब्द माझा नाही. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवत, म्हणून फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं, की आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असं सांगा. स्त्री भूमिकेला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले अण्णा साळुंके तारामती झाले. दहा रुपये पगार होता, तो पंधरा झाला. बाकीच्या 'स्त्रिया' मिशा काढायला तयार नव्हत्या, कारण बाप गेल्याशिवाय मिशी काढायची नाही. रोहिताश्व म्हणून घरचाच मुलगा, भालचंद्र.

आणि या सगळ्यांना जेवायला घालणाऱ्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. फिल्मच्या कडांना तेव्हा भोकं नसत, ती रात्री अंधारात बसून पाडायची, तेही काम त्यांचंच. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. भांडवलासाठी दागिनेही त्यांचेच गहाण पडले. 3 मे 1913ला कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला, फाळके 'चित्रपटसृष्टीचे जनक' झाले. ते बरोबरच आहे. पण आज आपण ज्याला एडिटिंग असिस्टंट, लाईट्स आणि प्रॉडक्शन म्हणतो ते सगळं एकटी बाई सांभाळत होती, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

हे लिहिता लिहिता पुन्हा फोल्डर उघडला. चार दिवस आई पहाटे पाचला उठून आमच्यासाठी रांधत होती. पाटोडीचा रस्सा, भाकरी, फराळ, वर प्रत्येकाला डबा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तर अंगणात आमच्या हातून दिवे नीट लागेनात, तेही तिनेच लावले. त्या दिव्यांचे एकशे चाळीस फोटो आहेत. आई? सगळे फोटो बघायला दोन तास लागले. एका फोटोत डाव्या कडेला तिचा हात आहे, पळी धरलेला. आमच्या टीममधल्या एकाने त्या फाईलला नाव दिलंय: 'डावीकडून क्रॉप करणे'.

रात्री फोन करून विचारलं, आई, तुझा एकही फोटो कसा नाही? म्हणाली, "मंग मी कुठं रिकामी होती तवा?"

फाईलचं नाव बदललंय. पोळ्याला गावी चाललोय, या वेळी एकटाच.