अलिबागची चुंबकीय वेधशाळा : नोंदींना लावलेल्या खुणांचा इतिहास

१/ अलिबाग म्हटले की कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्रे आठवतात. परंतु याच गावात, समुद्रकिनाऱ्यालगत, १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद ठेवली जात आहे. आज ज्याला आपण ‘टॅग’ म्हणतो, त्या खुणेचे मोल काय असते, हे या नोंदींच्या इतिहासातून उत्तम कळते.

२/ या कथेचा आरंभ मुंबईत होतो. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. सुईची स्थिती डोळ्यांनी वाचायची आणि दिनांक व वेळेसह वहीत मांडायची, अशी पद्धत होती. हीच कोष्टके पुढे छापील खंडांत येत.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने संवेदनशील उपकरणांची वाचने बिघडणार, हे उघड होते. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेसाठी अलिबागची निवड केली. इमारतीत लोखंड टाळण्यात आले.

४/ मूस यांची दूरदृष्टी पुढच्या निर्णयात दिसते. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असते, तर दोन तुटक मालिका हाती राहिल्या असत्या. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे झाली. दोन स्थळांतील फरक मोजता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडली गेली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

५/ नोंदी साठल्या, तशी त्या शोधण्याची अडचण वाढली. साठ वर्षांचे दिवस म्हणजे एकवीस हजारांहून अधिक दिवस. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडी ग्रंथात मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या निरीक्षणांची चर्चा केली. शांत दिवस निराळे, क्षुब्ध दिवस निराळे, अशी विभागणी करूनच त्या राशीतून अर्थ काढता येणार होता.

६/ हीच गरज जगभर भासत होती. १९३९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ज्युलियस बार्टेल्स यांनी दर तीन तासांना ० ते ९ पैकी एक अंक देण्याची रीत मांडली. एका दिवसाला आठ अंक. अंक पाहिला की त्या प्रहरी चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ होते, ते कळते. वेधशाळांनाही तीन अक्षरी संकेत मिळाले. अलिबागचा संकेत ‘एबीजी’.

७/ या शिस्तीचे फळ दीर्घ काळाने दिसले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजस्वी स्फोट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. अनेक देशांतील तारायंत्रे कोलमडली. कुलाब्याचे निरीक्षक मात्र वाचने टिपत राहिले.

८/ २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी ही जुनी वाचने पुन्हा अभ्यासली. क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट आढळली. १४४ वर्षांनंतर ती सापडली, कारण प्रत्येक आकड्याशेजारी दिवस आणि वेळ होती.

९/ हे केवळ कुतूहल नव्हे. मार्च १९८९ मधील वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास गेली होती. १८५९ इतके वादळ पुन्हा आले तर वीजजाळ्यांचे आणि उपग्रहांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना कुलाब्याच्या त्या नोंदींकडे पाहावे लागते.

१०/ आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अधिपत्याखाली आहे. निरीक्षक गेले, उपकरणे बदलली, वह्यांच्या जागी संगणक आले. स्थळ, दिनांक, वेळ आणि उपकरण या चार खुणा मात्र कायम आहेत. त्या पुसल्या, तर उरते ती नुसती एक वेडीवाकडी रेघ.