जुनं काडतूस उघडून पितळ आणि दारू काढता येते का? आधी हे वाचा

20 नोव्हेंबर 2018. वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळच्या सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा नष्ट करायचा होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि 6 जणांचा जीव गेला. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान 8 कामगार दगावले. या दोन्ही ठिकाणी स्फोटकं हाताळणं हे रोजचं काम होतं. मग घरात सापडलेलं जुनं काडतूस आपण उघडावं का?

काडतुसात काय असतं?

चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पितळात साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. भंगारात त्याला भाव मिळतो, म्हणूनच लोक मोहात पडतात.

सगळ्यात नाजूक भाग टोपी. तिच्यातलं रसायन ठोका बसला की पेटतं. आजची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते. ती मोकळ्यावर भरभर जळते, पण बंद जागेत पेटली तर दाब वाढून स्फोट होतो.

जाणकार ते कसं उघडतात?

अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज काडतुसं घरीच भरतात. दारूचं माप चुकलं तर ते काडतूस हातोडीसारख्या पोकळ साधनात बसवून लाकडावर आपटतात. पुंगळी जागीच अडते, गोळी जडत्वाने पुढे निसटते आणि दारू साधनातच सांडते. पुंगळी आणि गोळी पुन्हा वापरता येतात. दारू कोणती हे नक्की माहीत नसेल तर ती पुन्हा भरत नाहीत, कारण चुकीच्या दारूने बंदूकच फुटू शकते. पॉइंट टू टू सारख्या काही काडतुसांत वेगळी टोपी नसते, ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं. ती अशी आपटत नाहीत.

जुनं काडतूस जास्त धोक्याचं का?

दारू टिकावी म्हणून तिच्यात स्थिरक मिसळतात. वर्षानुवर्षं उष्णता लागली की तो संपत जातो. मग दारू कुजते, आंबट-उग्र वास येतो, कधी लालसर वाफा दिसतात. अशी दारू साठवलेली असेल तर आपोआपही पेटू शकते. लष्करी गोळ्यांमध्ये आग लावणारं किंवा फुटणारं मिश्रणही असू शकतं. बाहेरून ते ओळखता येईलच असं नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं गुन्हा आहे. तो बनवण्यासाठीही परवाना लागतो. परवानाधारक वारला, तर घरातली बंदूक आणि काडतुसं विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात.

सापडलं तर काय करायचं?

• हात लावू नका, हलवू नका, ठोकू किंवा तापवू नका.
• मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा.
• जागेची खूण लक्षात ठेवून 112 वर फोन करा.
• भंगारात विकू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका.
• आजोबांच्या पेटीत काडतुसं सापडली, तर ती घेऊन निघू नका. आधी ठाण्यात फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

मूठभर पितळाचे पैसे फार होत नाहीत. त्यासाठी बोटं किंवा डोळा गमावण्यात शहाणपण नाही.