वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया)

अक्षराचा आकार आणि उच्चार यांची सांगड घालताना येणारी अडचण. बुद्धिमत्तेशी तिचा संबंध नाही. पालकांना हे पटवणे मात्र सोपे नसते. मराठी वाचताना घ-ध, भ-म यांची गल्लत होते, वेलांट्या गळतात, जोडाक्षरापाशी मूल अडखळते. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावण्याचा जुना उपाय येथे फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा घरी ताटातल्या रव्यात बोटाने अक्षर गिरवणे, धडा मोठ्याने वाचून दाखवणे आणि वर्गात तोंडी उत्तर स्वीकारणे उपयोगी पडते.

२००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने या अडचणीची ओळख घरोघरी पोहोचवली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचन-अक्षमता ज्या गटात मोडते त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात या अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.